मीटरवरचे शून्य

मंगळवेढा आणि बार्शीकडच्या जुन्या वाड्यांत ज्वारी साठवण्यासाठी जमिनीखाली पेवे असत. पेवाचे तोंड उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. तोंड काही काळ मोकळे ठेवायचे, मग दोरीला कंदील बांधून तो खाली सोडायचा आणि कंदील विझला तर त्या दिवसापुरता उतरण्याचा विषय मिटला, अशी वडीलधाऱ्यांची शिस्त होती. बंद जागेतले धान्य श्वसन करते, प्राणवायू संपवते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते, हे रसायनशास्त्र त्यांनी शिकलेले नव्हते. तरी त्यांचे साधन त्या खड्ड्याच्या धोक्याला नेमके लागू पडणारे होते. ज्योत साधारण १६-१७ टक्के प्राणवायूला विझते आणि माणूस त्याच्याही खाली थोडा वेळ तग धरतो. म्हणजे कंदील माणसाच्या आधी मरत असे. तोच कंदील ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडला, तर तिथे साठलेला मिथेन भडका घेऊ शकेल, आणि मिथेन नसेल तर माणूस जागीच कोसळेल एवढा हायड्रोजन सल्फाइड असूनही ज्योत शांतपणे जळत राहील.

हवा तपासण्याचे साधन जागा पाहून निवडायचे असते, ही जुनी समज आपल्या आजच्या खरेदीत उरलेली नाही, असे माझे मत आहे. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, त्यांना जोडलेल्या डिस्टिलऱ्या आहेत, चिंचोली आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसी आहेत, टॉवेल-चादरीचे सूत रंगवणारी प्रोसेस हाऊसेस आहेत, महापालिकेचे ड्रेनेज आहे, घरोघरच्या मैल्याच्या टाक्या आहेत आणि काळ्या दगडात खोल खोदलेल्या विहिरी आहेत. या प्रत्येक ठिकाणी माणूस आत उतरतो आणि प्रत्येक ठिकाणचा धोका निराळा आहे. खरेदीच्या कागदावर मात्र सगळीकडे एकच ओळ असते : ‘चार वायूंचा पोर्टेबल गॅस डिटेक्टर, नग १’. साखर कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागात नोकरी करताना ही ओळ मी स्वतःही कितीतरी वेळा लिहिली आहे, त्यामुळे पुढचे लिखाण दुसऱ्याकडे बोट दाखवण्यासाठी नाही.

कायद्याने आपले काम केलेले नाही असे म्हणता येणार नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३६ व्या कलमातच असे होते की टाकी, खड्डा, नळ किंवा तशा कोंदट जागेत उतरण्यापूर्वी सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी करून ती जागा सुरक्षित असल्याचे लेखी प्रमाणपत्र द्यावे, नाहीतर उतरणाऱ्याने श्वसनाचे साधन लावावे आणि कमरेच्या पट्ट्याच्या दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असावे. गटारे आणि मैल्याच्या टाक्यांबाबत हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा आणखी पुढे गेला. सुरक्षासाधनांशिवाय माणूस आत उतरवणे हाच गुन्हा ठरला आणि त्याखालच्या नियमांत साधनांची लांबलचक यादी दिली गेली. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख रुपयांची भरपाई ठरवली आणि २०२३ मध्ये ती ३० लाखांवर नेली. नियमांच्या यादीत ‘गॅस मॉनिटर’ आहे आणि त्यापुढे ‘चार वायू’ असेही लिहिलेले आहे. घोटाळा इथून सुरू होतो, कारण गटारासाठी लिहिलेले हे दोन शब्द सगळ्या खड्ड्यांना लागू आहेत असे समजून खरेदी होते. (आपल्याकडे सेप्टिक टँकला सर्रास ‘सेफ्टी टँक’ म्हणतात. इतके उलटे नाव दुसऱ्या कुठल्या वस्तूला मिळाले असेल असे वाटत नाही.)

हे चार वायू म्हणजे प्राणवायू, ज्वालाग्राही वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड. गटारासाठी ही निवड योग्यच आहे. स्वच्छ हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो आणि तो १९.५ च्या खाली गेला की मीटर ओरडतो. ज्वालाग्राही वायूचा आकडा स्फोटाच्या किमान मर्यादेच्या टक्क्यांत दाखवला जातो. मिथेन हवेत साधारण ५ टक्के झाला की स्फोट होऊ शकतो आणि मीटर त्या मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यालाच इशारा देतो. सर्वांत कपटी आहे तो हायड्रोजन सल्फाइड. कुजक्या अंड्याचा त्याचा वास एक पीपीएमच्याही (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) आत कळतो, पण १०० पीपीएमच्या आसपास घ्राणेंद्रियच बधिर होते, आणि वास गेला म्हणजे वायू गेला असे समजून माणूस आणखी एक पायरी खाली उतरतो. केवळ प्राणवायूचा आकडा पाहून कोणी निर्धास्त होत असेल, तर त्याने एक हिशेब करून पाहावा. काही श्वासांत माणूस कोसळेल असा १००० पीपीएम हायड्रोजन सल्फाइड म्हणजे हवेचा केवळ ०.१ टक्का. तेवढ्याने प्राणवायू २०.९ वरून २०.८८ वर येईल, म्हणजे मीटरच्या पडद्यावर बहुधा २०.९ च दिसेल.

आता डिस्टिलरीकडे वळू, कारण आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न पुढे वाढतच जाणार आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या धोरणानंतर कारखान्यांचे लक्ष साखरेइतकेच मळीकडे लागले. मळी आंबवताना ढोबळमानाने जितक्या वजनाचे अल्कोहोल तयार होते, जवळपास तितक्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइडही तयार होतो. तो हवेच्या दीडपट जड असल्याने रिकाम्या केलेल्या फर्मेंटरच्या, म्हणजे आंबवण्याच्या टाकीच्या तळाशी, शेजारच्या खड्ड्यात, केबलच्या नाल्यात जाऊन बसतो. आणि चार वायूंच्या मीटरमध्ये कार्बन डायऑक्साइडचा सेन्सरच नसतो.

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येते : कार्बन डायऑक्साइड वाढला की प्राणवायू कमी होणारच, मग मीटर ओरडेलच. हे उत्तर ऐकायला बिनतोड वाटते आणि हिशेबात चुकते. समजा, टाकीतल्या हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळला. उरलेल्या ९५ टक्के हवेत प्राणवायूचे प्रमाण तेच, म्हणजे एकूण १९.८६ टक्के. मीटर १९.५ ला ओरडणार, म्हणून तो गप्प. आठ तासांच्या कामासाठी कार्बन डायऑक्साइडची मान्य मर्यादा अर्धा टक्का आहे, आणि ४ टक्के हे प्रमाण जिवाला तत्काळ धोका मानले जाते. मीटर बोलेपर्यंत प्रमाण पावणेसात टक्क्यांच्या घरात गेलेले असते. तोवर आतल्या माणसाला धाप लागलेली असते, डोके ठणकू लागलेले असते आणि त्याचा स्वतःचा विचार डळमळू लागलेला असतो. धान्याच्या पेवात, जिथे धान्य प्राणवायू संपवूनच कार्बन डायऑक्साइड बनवते, तिथे प्राणवायूच्या आकड्यावर विसंबणे काहीसे चालून जाईल. फर्मेंटरमध्ये तो वायू बाहेरून येऊन हवेत मिसळतो, तिथे ते चालत नाही. इथे इन्फ्रारेड पद्धतीचा कार्बन डायऑक्साइड सेन्सर असलेला पाच वायूंचा मीटरच घ्यायला हवा, आणि ‘चार वायूंचा चालेल’ अशी टीप फाईलवर लिहिणाऱ्याने तिच्याखाली सहीही करायला हवी.

रंगाईच्या धंद्यात पुन्हा वेगळी गोष्ट आहे. सल्फर रंगांसोबत वापरला जाणारा सोडियम सल्फाइड आणि न्यूट्रल करण्यासाठी ओतलेले आम्ल सांडपाण्याच्या एकाच टाकीत भेटले की हायड्रोजन सल्फाइड एकदम सुटतो; सकाळी घेतलेले रीडिंग दुपारच्या त्या भेटीबद्दल काहीच सांगू शकत नाही. व्हॅट रंगांसाठी लागणारा हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट) आम्लात किंवा ओलाव्यात विघटित झाला तर सल्फर डायऑक्साइड निघतो. साखर कारखान्यातही रस शुभ्र करण्यासाठी गंधक जाळून हाच वायू बनवला जातो. चार वायूंच्या मीटरला तो मोजता येत नाही.

ज्वालाग्राही वायूच्या सेन्सरविषयी एवढेच सांगतो, की बहुतेक मीटरांत तो वायूचा सूक्ष्म अंश जाळून मोजतो आणि जाळायला प्राणवायू लागतो. स्पेंट वॉशपासून, म्हणजे डिस्टिलरीच्या सांडपाण्यापासून बायोगॅस बनवणाऱ्या डायजेस्टरसारख्या बंद टाकीत, जिथे प्राणवायू जवळजवळ नसतो, तिथे मिथेनने भरलेल्या पोकळीतही हा सेन्सर खोटा, कमी आकडा दाखवू शकतो. म्हणून आधी प्राणवायू पाहायचा, मग ज्वालाग्राही वायू आणि त्यानंतर विषारी वायू, हा क्रम ठरलेला आहे. सिलिकॉनयुक्त स्प्रे किंवा ग्रीसची वाफ लागली तर याच सेन्सरला ‘विषबाधा’ होते आणि तो मरतो, पण मेल्याचे सांगत नाही. इन्फ्रारेड सेन्सरला प्राणवायूची गरज नाही आणि सिलिकॉनचे भय नाही. मात्र त्याला हायड्रोजन दिसत नाही, त्यामुळे चार्जिंग होताना हायड्रोजन सुटतो त्या बॅटरी रूममध्ये तो कामाचा नाही. शिवाय मिथेनवर कॅलिब्रेट केलेला, म्हणजे ज्ञात प्रमाणाच्या मिथेनशी आकडा जुळवून घेतलेला मीटर अल्कोहोलच्या वाफेला प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवतो, ही गोष्ट डिस्टिलरीच्या साठवण टाकीत उतरण्याआधी कोणीतरी बोलून दाखवायला हवी.

हे सगळे मला पुस्तकातून नंतर कळले. आधी कळले ते मे महिन्यातल्या एका दुपारी. ऑफ सीझन चालू होता, ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाच्या) कलेक्शन पिटमधल्या पंपाचा फूट व्हॉल्व्ह गाळाने चोंदला होता आणि ठेकेदाराची दोन पोरे खाली उतरण्यासाठी लुंगी खोचून तयार होती. स्टोअरमधून मीटर आणला गेला. तो दोरीला बांधून खाली सोडला, वर ओढला, प्राणवायू २०.९, बाकी तिन्ही ठिकाणी शून्य. ‘‘शून्यच दावतंय की साहेब, उतरू का?’’ असे त्यातल्या एकाने विचारले तेव्हा आम्ही पाच-सहा जण काठावर उभे होतो, आणि काठावर कुजक्या अंड्याचा वास येत होता. नाक एक सांगत होते आणि पडदा दुसरे, आणि आम्ही सुशिक्षित माणसे पडद्यावर विश्वास ठेवून उभी होतो. मी मीटर उलटा केला. कॅलिब्रेशनच्या स्टिकरवरची तारीख १९ महिन्यांपूर्वीची होती. आमच्या विभागात चाचणीच्या मिश्र वायूचे छोटे सिलिंडर होते. त्यातला हायड्रोजन सल्फाइड २५ पीपीएमचा. मीटरच्या तोंडावर कप बसवून वायू सोडला. ज्वालाग्राही वायूचा आकडा चढला, कार्बन मोनॉक्साइडचा चढला, प्राणवायू उतरला, अलार्म वाजला. हायड्रोजन सल्फाइडच्या चौकटीत मिनिटभर शून्यच होते.

विषारी वायूचा सेन्सर मरतो तेव्हा तो शून्य दाखवतो, आणि स्वच्छ हवेतही तो शून्यच दाखवतो. या दोन शून्यांत पडद्यावर काहीही फरक नसतो. प्राणवायूचा सेन्सर बिघडला तर आकडा सहसा खाली घसरतो आणि मीटर बोंब मारतो, म्हणून त्याची खोड लगेच उघड होते. विषारी वायूंच्या सेन्सरची खोड फक्त खरा वायू दाखवूनच उघड होते. यालाच बम्प टेस्ट म्हणतात. ती दिवसाच्या पहिल्या वापराआधी करायची असते, तिला जेमतेम एक-दोन मिनिटे लागतात आणि आमच्याकडे ती होत नव्हती, कारण मीटर विकत घेताना सिलिंडर, रेग्युलेटर आणि कप यांचे पैसे वाचवले गेले होते. आमच्या विभागातले सिलिंडर दुसऱ्याच कामासाठी आणलेले होते.

म्हणून माझा आग्रह असा आहे की गॅस डिटेक्टरची निविदा नगावर नव्हे, तर पाच वर्षांच्या वापरावर काढावी. या मीटरांतले बहुतेक विद्युत-रासायनिक सेन्सर दोन-तीन वर्षांचे सोबती असतात. सोलापूरच्या हवेत त्यांचे आयुष्य आणखी कमी भरले तर नवल नाही, कारण आतला द्रव कोरड्या उष्ण हवेत आटत जातो. बहुतेक मीटर ५० अंशांपर्यंत चालतील असे माहितीपत्रकात लिहिलेले असते. पण एप्रिल-मे महिन्यांत ४२-४३ अंशांच्या उन्हात उभ्या असलेल्या जीपच्या डॅशबोर्डवर ती मर्यादा सहज ओलांडली जाते, आणि महापालिकेच्या किंवा ठेकेदाराच्या माणसाला मीटर ठेवायला दुसरी जागा कोणी दिलेली नसते. चाचणीच्या सिलिंडरलाही मुदत असते. हायड्रोजन सल्फाइडसारखा वायू त्यात हळूहळू क्षीण होतो. हा सगळा खर्च पाच वर्षांत मिळवला, तर सर्वांत कमी दराच्या निविदेत जिंकणारा मीटर सर्वांत स्वस्त राहील याची मुळीच खात्री नाही. लेखापरीक्षकाला हे पटवणे अवघड जाते असे म्हणतात. पंपसेट किंवा लिफ्ट घेताना देखभालीचा करार सोबत घेतलेला त्याला पटतो, तर मग इथेही पटायला हरकत नसावी.

पंपाचा मुद्दा अनेकदा चैन समजून वगळला जातो. हवेच्या संपर्कानेच मोजणारा साधा मीटर छातीवर लावून आत काम करणाऱ्याला ठीक आहे. पण उतरण्याआधी वरून तपासायचे तर पंप आणि नळी हवीच. मीटर दोरीने सोडला की त्याचा आवाज खाली राहतो आणि तो पाण्यात बुडाला की कामच संपले. नळीने तपासतानाही घाई नडते. दहा मीटरच्या नळीतून हवा वर यायला अर्धा मिनिट धरावा आणि त्यानंतर सेन्सर स्थिर व्हायला आणखी अर्धा. वरून, मधून आणि तळातून असे तिन्ही ठिकाणी हे करायचे, कारण मिथेन हलका म्हणून छताशी, हायड्रोजन सल्फाइड जड म्हणून तळाशी आणि कार्बन मोनॉक्साइड हवेइतकाच म्हणून कुठेही असतो. म्हणजे एका चेंबरला चार-पाच मिनिटे. मुकादमाच्या डोक्यावर दिवसाला अमुक चेंबर असे उद्दिष्ट असेल, तर ही मिनिटे कुठून आली हे त्याच्या कामाच्या कागदात दिसले पाहिजे. आणखी एक चूक मी जागोजाग पाहिली आहे : मीटर सुरू होताना तो भोवतालची हवा शुद्ध धरून आपले शून्य ठरवतो, आणि तो सुरू केला जातो टँकरच्या धडधडणाऱ्या डिझेल इंजिनाशेजारी, उघड्या चेंबरच्या तोंडाशी.

आवाजाचे काय? पाण्याच्या जोरदार झोताने गटार मोकळे करणारे जेटिंग मशीन चालू असताना मीटरची शिट्टी ऐकू येत नाही. म्हणून थरथर आणि प्रखर दिवा हवाच. सोलापुरात घरी तेलुगू, कन्नड किंवा दखनी बोलणारा माणूस या कामावर सहज असतो. मीटरच्या पेटीत मात्र जाडजूड इंग्रजी पुस्तिका असते. चार चित्रांचे, मराठी-तेलुगू-कन्नड ओळींचे एक लॅमिनेटेड कार्ड पुरवठादाराकडून मागायला एक रुपयाही जास्त लागणार नाही. आणि मीटर उतरणाऱ्याच्या छातीवर असला पाहिजे. आजही कित्येकदा तो काठावर उभ्या असलेल्या साहेबाच्या हातात असतो. गाळात पाय पडला, फावडे फिरले की साठलेला वायू बुडबुड्यांतून एकदम मोकळा होतो. पाच मिनिटांपूर्वीचे काठावरचे रीडिंग त्या क्षणी निरुपयोगी असते.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मला मान्यही आहे. माणसाला गटारात शक्यतो उतरवायचेच नाही असे कायदा सांगत असताना, मीटरवर इतकी चर्चा करणे म्हणजे उतरवण्याची सोय करून देणे नव्हे का? हातात मीटर आला की ‘आता सुरक्षित आहे’ म्हणून उतरवण्याचा मोह वाढतो, हे खरे आहे. गटार आणि मैल्याच्या टाकीसाठी पहिली खरेदी यंत्राचीच झाली पाहिजे, त्यात शंका नाही. पण इव्हॅपोरेटरच्या नळ्या खरवडायला, बॉयलरच्या ड्रममध्ये वेल्डिंग करायला, विहिरीत अडकलेली मोटार सोडवायला माणूस आत जाणारच आहे; आणि यंत्र चालवणाराही चेंबरच्या तोंडावर वाकून पाहतोच. तिथे मीटरचे काम परवानगी देण्याचे कमी आणि नकार देण्याचे अधिक आहे. तो नकार ऐकून काम थांबवले म्हणून ठेकेदाराचा दिवस कापला जाणार असेल, तर कितीही चांगला मीटर घेतला तरी तो खिशातच राहील. वाचवायला उतरणाऱ्याचा प्रश्नही इथेच येतो. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संशोधन संस्थेने १९८६ मध्ये नोंदवले होते की कोंदट जागांतल्या मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले होते. पहिला पडला की भाऊ, मेहुणा, शेजारी, जो जवळ असेल तो मागून उडी घेतो. म्हणून मीटरच्या निविदेतच तिपाई, विंच आणि छातीचा पट्टा धरावा, म्हणजे पडलेल्याला वरूनच ओढून काढता येईल.

महापालिकेने, कारखान्यांनी आणि मोठ्या गृहनिर्माण संस्थांनी पुढच्या खरेदीत निदान एवढे करावे. मागणीपत्रासोबत त्या त्या जागेची नोंद जोडावी : आत काय साठवले होते, कुजून किंवा मिसळून काय बनू शकते, खोली किती, प्राणवायू मुळातच नाही अशी शक्यता आहे का. वायूंची यादी त्या नोंदीवरून ठरावी. स्फोटक वातावरणात ठिणगी पाडणार नाही अशा बनावटीचे प्रमाणपत्र असावे आणि आपल्याकडे त्याची मान्यता देणारी संस्था नागपुरातच आहे, तेव्हा कागद पडताळून पाहायला फार लांब जावे लागत नाही. प्रत्येक बम्प टेस्टची तारीख-वेळ स्वतःच्या स्मृतीत ठेवणारे मीटर आज बाजारात मिळतात. तसाच घ्यावा आणि सफाईच्या ठेकेदाराचे बिल त्या नोंदीची प्रत जोडल्याशिवाय मंजूर करू नये.

आमच्या त्या खड्ड्यासाठी नवा सेन्सर अकराव्या दिवशी आला. तोवर कोणी थांबले नाही. दुसऱ्याच दिवशी भाड्याचा व्हॅक्यूम टँकर आणून गाळ वरूनच उपसला, पंप साखळी कप्पीने बाहेर उचलला आणि फूट व्हॉल्व्ह काठावर, लिंबाच्या सावलीत बसून साफ केला. खाली उतरायला तयार झालेली ती दोन पोरेच तो साफ करत होती.